कॉलरची काडी

३ मार्च

आज गळ्यात टाय बांधला. भर रस्त्यात, एका ऑफिसच्या काचेत बघून. तीनदा गाठ चुकली, मग जमली. काचेच्या आत एक कारकून डबा खात बसला होता. त्यानं चमचा हलवून खूण केली — जरा डावीकडे. बरोबर होतं त्याचं. डावीकडे घेतला.

मला काम मिळालंय. हे आधी लिहायला हवं होतं. छत्रीवाल्या काकांकडे. झालं असं, की मी गेले होते माझ्या छत्रीची मूठ बसवून घ्यायला. ऊन मी म्हणतंय आणि मी छत्री घेऊन दारात! दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही. काका खाली मान घालून, फळीत ठोकलेल्या एका जाड खिळ्याभोवती मोडक्या छत्रीची काडी वळवत बसले होते. मूठ राहिली बाजूला. मी विचारलं, हे काय?

"कॉलरची काडी."

बोटाएवढी तार. मध्ये वेटोळं, स्प्रिंगसारखं. दोन्ही टोकं वळवून सुईसारखी केलेली. मऊ शर्टाची कॉलर सकाळी ताठ असते आणि दुपारी कुत्र्याच्या कानासारखी लोळते. टायची गाठ सरकून भलतीकडे जाते. तर ही काडी कॉलरखाली, गाठीच्या मागे बसवायची आणि दोन टोकं कॉलरच्या दोन कोपऱ्यांत आतल्या बाजूनं टोचायची. बाहेरून काही दिसत नाही. कॉलर हलत नाही, गाठ हलत नाही. उन्हाळ्यात छत्र्या येत नाहीत म्हणून काकांनी हे काढलं. डबाभर करून ठेवल्यात. पण विकायला तोंड लागतं आणि काकांना ते नाही.

मला आहे.

म्हटलं, मी विकते. टाय लावूनच विकते, म्हणजे लोकांना दिसेल तरी. काका गडबडले. "मुलीच्या जातीनं टाय कसा लावायचा?" तर आतून काकूंचा आवाज — "गळ्यात. अजून कुठं लावणार?"

४ मार्च

दादाचा फोन. त्याला कुठून कळतं कोण जाणे. बहुतेक आईला मीच सांगितलं.

"आता छत्र्या?"

"छत्र्या नाही. कॉलरच्या काड्या."

मग त्यानं माझ्या सगळ्या नोकऱ्यांची उजळणी केली. रोपवाटिका — आठवडाभर. औषधांचं दुकान — पंधरा दिवस, तेही मधे सुट्टी धरून. पाळणाघर. फोटोवाला. मी कुठं कशी सोडली ते त्याला माझ्यापेक्षा नीट पाठ आहे. रोपवाटिकेतून मी का गेले ते मात्र त्याला ठाऊक नाही. समोरून एक सर्कशीचा ट्रक गेला आणि त्यात खरोखरचा उंट होता. बघायला गेले ती गेलेच. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? उंट रोज जातो का?

शेवटी म्हणाला, "महिनाभर एका जागी टिकून दाखव. एक महिना. नाही टिकलीस तर एकतीस तारखेला येतो आणि सामानासकट उचलून मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसवतो."

मामाचं टाइल्सचं दुकान. बाबा गेल्यापासून दादा तिथंच राबतो. काचेचं दार, आत गारठा, सगळ्यांच्या गळ्याशी निळा टाय, आणि दिवसभर "या साहेब, बाथरूमसाठी की हॉलसाठी?" त्यापेक्षा मी उंटाबरोबर जाईन.

टिकून दाखवते म्हटलं. बघच.

६ मार्च

काकूंनी माळ्यावरची खोली दिली. एक खिडकी, एक खाट, मोडक्या छत्र्यांचा ढीग. बॅग भिंतीशी ठेवली. उघडली नाही. सवय आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसांच्या रांगेसमोर उभी राहिले. पांढरा शर्ट — दादाचाच जुना — आणि काकांचा तपकिरी टाय. पहिला अर्धा तास नुसती शोभा.

"काय गं, कुठल्या बँकेची मॅनेजर?"

"साहेब, आमच्या पगारवाढीचं तेवढं बघा की."

"नवरा घरी स्वयंपाक करत असेल."

मी म्हटलं, "पगारवाढ करते, पण आधी ती कॉलर उचला. मान खाली घालून कोण पगारवाढ देतं?" तो गडी लाजला. त्याची कॉलर खरंच वर वळून गालाला लागली होती. त्याला तिथंच काडी बसवून दिली. मोबाइलमध्ये तोंड बघितलं त्यानं, मान इकडे केली, तिकडे केली, खाली वाकला, उडी पण मारली. कॉलर जागच्या जागी. मग त्याच्या मित्रांनी घेतल्या.

तासाभरात मला नाव पडलं. टायवाली. पडू दे.

९ मार्च

काकांकडे एक लाकडी पेटी आहे. मी सहज उघडली आणि सकाळ गेली.

आत गळ्याचं सगळं सामान! पितळी पट्ट्या, टायपिना, एक साखळीवाली पिन, चिमटे, एक लांबुळकी पिन जी कॉलरच्या दोन टोकांना आरपार जाते आणि गाठ तिच्यावर बसते. एक चिमटा मगरीच्या तोंडाचा. काका एरवी बोलत नाहीत, पण पेटी उघडली की थांबत नाहीत. "पट्टी चांगली. पण कॉलरला आतून खिसा शिवलेला हवा, नाहीतर ठेवणार कुठं? पिन टायला भोक पाडते. चिमटा टाय शर्टाशी धरतो, गाठीचं काही करत नाही. म्हणून काडी. तीसुद्धा जुन्या लांब छत्रीची, गोल पोलादाची. हल्लीच्या घडीच्या छत्रीची काडी पन्हळीसारखी असते, वळवली की दुमडते."

मग टोकांचं. टोक आधी कानशीनं घासायचं आणि मग पारदर्शक नेलपॉलिशमध्ये बुडवायचं. नेलपॉलिश काकूंचं. दोन वेळा बुडवायचं, मधे वाळू द्यायचं. उघडं पोलाद घामाला लागता कामा नये.

काकू म्हणाल्या, "लग्नानंतर एकदा मला नेलपॉलिश आणून दिलं होतं यांनी. किती कौतुक वाटलं. मग कळलं कशाला."

१० मार्च

दादाचा फोन. अजून आहेस का? आहे. बरं.

मग भलतंच विचारत बसला. ती काडी लावल्यावर गळा आवळत नाही ना? खोकी उचलायला वाकलं तर टोचते का? संध्याकाळपर्यंत राहते? मी सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. खोट काढतोय! काही तरी खुसपट सापडलं की म्हणणार, हे काय काम आहे, चल मामाकडे.

पुढच्या वेळी काही सांगायचं नाही.

१३ मार्च

मोठी बातमी. नदीपलीकडच्या त्या कंपन्यांच्या आवारात पहारेकऱ्यांचं ऑफिस आहे. तिथल्या सुपरवायझरनं मला रस्त्यावर बघितलं आणि बोलावलं. गोरा, टापटीप, बोलताना पेन उघडतो-मिटतो. "माझ्या माणसांच्या कॉलरी दुपारी बघवत नाहीत. आधी पहिल्या गेटवर करून बघू. महिनाअखेरपर्यंत टिकलं तर सगळ्या गेटांना तुमच्याच काड्या."

सगळी गेटं! म्हणजे काकांना वर्षभराचं काम. मला पण. दादा काय तोंड उघडणार मग?

पहिल्या गेटवरच्या माणसांना ओळीत उभं केलं. पुढे एक म्हातारे पहारेकरी, एवढ्या मिशा. मी काडी बाहेर काढली तर म्हणतात, "काड्या घालायला एक सुपरवायझर होता, आता तू आलीस." सगळे हसले, फक्त तोंड न उघडता. सुपरवायझर मागेच होता.

पण काडी शिरेना. त्यांचे शर्ट जाडे, ताडपत्रीसारखे. टोक टोचतच नाही. सुपरवायझरचं पेन टकटक, टकटक. मी म्हटलं थांबा. पायरीवर बसले, खिशातली कानस काढली आणि एकेक टोक घासून अस्सं धारदार केलं. भराभर. मिशीवाले म्हणाले, "सुई झाली की." शिरली! सगळ्यांच्या शिरल्या. ओळ अशी दिसत होती जणू कुणी पट्टीनं आखली.

जाताना सुपरवायझर वाकून काहीतरी उचलत होता तेव्हा मागून दिसलं. त्याचा टाय तयार गाठीचा. मागे नुसता हूक. बांधतच नाही तो!

हे नेलपॉलिशचं मात्र राहिलं. टोकं घासली म्हणजे परत बुडवायला हवीत. उद्या बाटली घेऊन जाते.

१४ मार्च

बाटली घेऊन निघाले. पुलाजवळ गर्दी. एका घरात जिन्यातून पियानो जाईना म्हणून क्रेननं वरच्या खिडकीतून आत घेत होते. पियानो हवेत! मालकीणबाई खाली उभी, दोन्ही हात डोक्यावर, आणि क्रेनवाल्याला म्हणते, "हळू, तो सुरात आहे." क्रेनवाला म्हणतो, "बाई, मी पण आहे."

खिडकीची चौकट काढावी लागली. संध्याकाळ झाली. आवार बंद झालं असेल. उद्या.

१६ मार्च

काल काकूंबरोबर बाजार. आज रविवार.

१७ मार्च

गेलं सगळं पाण्यात.

बाटली घेऊन गेटवर पोचले तर मिशीवाल्यांनी कॉलर उलटी करून दाखवली. दोन कोपऱ्यांत दोन तपकिरी डाग. गंज. बाकीच्यांचंही तेच. घाम, उघडं पोलाद, आणि काडी रात्रभर शर्टातच. जाड कापडातून डाग वरच्या बाजूलासुद्धा आलाय. जणू प्रत्येकाला दोन दोन डोळे फुटलेत गळ्याशी.

"शर्ट आमच्या पगारातून कापतात," एक जण म्हणाला. रागानं नाही. नुसतं सांगितलं. ते जास्त लागलं.

सुपरवायझर अजून आला नव्हता. मी म्हटलं, येते. आणि निघाले.

१८ मार्च

काल निघाले ती कुठं निघाले ते लिहिते, कारण इथं तरी खरं लिहायचं.

स्टँडवर. पाय आपोआप गेले. बॅग माळ्यावर होती तरी गेले. पहिल्या गाडीत चढून खिडकीशी बसले सुद्धा. गाडी कुठं जाते ते विचारलं नव्हतं. कंडक्टर आला, म्हणाला, "कुठं?" आणि माझ्या टायकडे बघून एकदम सरळ उभा राहिला. "मॅडम, तपासणी आहे का?"

त्याची कॉलर बघितली. लोळलेली. हात आपसूक खिशात गेला, काडी काढली, बसवून दिली. ह्या काडीचं टोक घासलेलं नव्हतं. चकचकीत. दोन हात नेलपॉलिश.

मग मला राग आला. दादाचा नाही, मामाचा नाही. म्हणजे, त्यांचाही आला. मी पळाले तर दादाचं प्रत्येक वाक्य खरं ठरणार. नाही ठरू देणार. चुकले तर चुकले, पण चूक माझी आहे, ती तिथंच बसून निस्तरणार. उतरले. कंडक्टर सलाम करत होता.

काकूंना सांगितलं. काका ऐकत होते, हातातली पक्कड थांबली. काकू एवढंच म्हणाल्या, "लिंबू आणि मीठ. चोळायचं आणि उन्हात टाकायचं. पिशवीभर ने."

१९ मार्च

दिवसभर पहिल्या गेटमागच्या नळावर बसून कॉलरी चोळल्या. लिंबू, मीठ, ऊन. परत लिंबू. बोटांना चिरा पडल्यात, लिंबू असं झोंबतं की डोळ्यांतून पाणी. मिशीवाले शेजारी स्टुलावर बसून पहारा देत होते — माझ्यावर की शर्टांवर, माहीत नाही.

"पळून गेली असं वाटलं होतं."

"मलाही."

त्यांनी एक लिंबू घेतलं आणि चोळायला लागले.

शर्ट वाळत होते तोवर कुणी नुसत्या बनियनवर, कुणी घरच्या साध्या शर्टात, गळा उघडा. टाय सगळे फाटकाच्या गजावर टांगलेले. आणि गंमत अशी, की गाड्या आल्या, गेल्या, सह्या झाल्या, कुणी चोर आत शिरला नाही. एक मोठ्या गाडीतल्या बाई तर काच खाली करून म्हणाल्या, "आज बरे दिसताय."

डाग गेले. जवळजवळ. उन्हाकडे धरलं तर पिवळट दिसतं. पण उन्हाकडे कोण धरतं?

२१ मार्च

नवीन भानगड. शर्ट घातले, पण टाय कुणी घालेना! पहिल्या गेटवरचे म्हणतात, एवढ्या उन्हात दोन दिवस गळा मोकळा राहिला, आता परत फास नको. दुसऱ्या गेटवरच्यांनी ऐकलं, त्यांनीही काढले.

सुपरवायझरनं मला बोलावलं. पेन टकटक. "हे तुझ्यामुळे सुरू झालं. तूच संपव. उद्या सगळ्यांना जमवतो. तू मुलगी असून दिवसभर उन्हात टाय लावून फिरतेस, तूच सांग त्यांना, की काडी असली की टायचा त्रास होत नाही. मग सगळी गेटं तुझी. आजच लिहून देतो."

सगळी गेटं. एकतीस तारीख. दादाचं तोंड.

हो म्हणून आले. का नाही म्हणणार? विकणं हेच तर माझं काम. आणि टाय मला खरंच आवडतो.

२२ मार्च

सकाळी मुद्दाम कडक इस्त्री केली. काकांनी स्वतः नवीन काडी निवडून दिली, वेटोळं बोटानं दाबून बघून. आणि माझी कॉलर मागून नीट केली.

आवारात सगळे जमले. सुपरवायझर सावलीत, आम्ही उन्हात. मी बोलायला लागले. नेहमीचंच — कॉलर हलत नाही, गाठ सरकत नाही, वाका, उडी मारा. छान चाललं होतं.

मग मिशीवाल्यांनी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"बाई, एकच सांग. उन्हात गळ्याला काच पडतो की नाही?"

त्यांच्या मानेवर, कॉलर लागते तिथं, लाल वळ होता. आत्ताचा नाही, वर्षानुवर्षांचा. कातडीच तशी झालेली.

मी सुपरवायझरकडे बघितलं. मान हलवून म्हणाला, सांग.

"पडतो," मी म्हटलं.

पेन थांबलं.

"पण तू तर लावतेस," मागून कुणी तरी म्हणालं.

"मी लावते, कारण मला कुणी लावू देत नव्हतं. आणि नको झाला की सोडते. त्या कोपऱ्यावरच्या झाडाखाली रोज दुपारी सोडून बसते मी. तुम्हाला सोडता येत नाही. काडी कॉलर ताठ ठेवते. काच तिनं जात नाही. ते काम काडीचं नाही."

"तुझं काम काय आहे ते विसरू नकोस," सुपरवायझर म्हणाला. "मी पण दिवसभर टाय लावतो. मला नाही काच पडत."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ते कधी जमलंय? म्हटलं, "तुमचा हुकाचा आहे, साहेब. गाठ तयार मिळते तो. एकदा बांधून बघा."

मग मिशीवाले खोकल्यासारखं काहीतरी करायला लागले. तो खोकला नव्हता. हळूहळू सगळ्या ओळीला लागला.

सुपरवायझरचे कान लाल. "फाटकाबाहेर," म्हणाला. "काड्यांसकट."

गेले. मान ताठ. कॉलर पण.

२३ मार्च

काका दिवसभर बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नाहीत, पण आजचं न बोलणं वेगळं होतं. डबा भरून काड्या करून ठेवल्या होत्या त्यांनी, सगळ्या गेटांसाठी. टोकं तीनदा बुडवलेली. काकूंची बाटली संपली त्यात.

मी म्हटलं, काका, जाऊ का मी?

त्यांनी फळीवरचा खिळा पक्कडीनं हलवून बघितला. ढिला झाला होता. माझ्या हातात हातोडी दिली. "हा नीट ठोक. उद्यापासून वळवायला तू पण बस. एकट्यानं होत नाही."

काय होत नाही? गिऱ्हाईक तर एक नाही. पण विचारलं नाही. ठोकला.

२५ मार्च

दादाचा फोन. ठरवलं होतं काही सांगायचं नाही. सगळं सांगितलं. हुकाचं पण. तो हसला! किती दिवसांनी. मग एकदम थांबला, जणू मागे कुणी उभं आहे.

"म्हणजे ऑर्डर गेली."

"गेली. मी नाही गेले. मी इथंच आहे. लिहून घे."

"खोली केवढी आहे तुझी?"

म्हटलं खाट मावते आणि मी मावते. खिडकी आहे का? वारा येतो? त्या काकू जेवायला घालतात का? छत्र्यांचं काम शिकायला किती दिवस लागतात? उलटतपासणी नुसती. पोलीस परवडले. मी म्हटलं, मामांनी एवढे प्रश्न विचारायला सांगितलेत का? तर म्हणतो, "मामांचं नाव नको." आणि मग, "एकतीस तारखेला येतो." आणि ठेवला.

आवाज असा होता की ठरवूनच येतोय. येऊ दे. मी खाटेच्या पायाला बांधून घेते स्वतःला.

२८ मार्च

दुपारी झाडाखाली टाय सोडून बसले होते. एक मुलगी आली, समोरच्या हॉटेलातल्या रिसेप्शनची. गळ्यात जांभळा रुमाल, फुलासारखा बांधलेला.

"तू टायवाली ना? पहारेकऱ्यांना खरं सांगितलंस ती?"

आवाराच्या बाहेर पण गेलंय म्हणजे!

तिचं म्हणणं असं — काउंटरवर मुलग्यांना टाय आणि मुलींना हे फूल. दर अर्ध्या तासाला सुटतं. तिला टाय लावायचाय. मॅनेजर म्हणतो, शोभत नाही, आणि कॉलर राहणार नाही तुमची. "राहील अशी काडी दे. उद्या लावूनच जाते. बघू काय करतो." आणि आणखी दोघी आहेत म्हणाली.

तिला तिथंच गाठ शिकवली, माझ्या टायनं. कारकुनानं मला चमचा हलवून दाखवलं होतं तसं मी बोटानं दाखवलं — जरा डावीकडे.

मिशीवाल्यांच्या गेटवर अजून कुणी टाय घातलेला नाही. सुपरवायझर रोज ओरडतो म्हणे. आता त्याचा स्वतःचा हूक पण पडलाय कुठं तरी. मिशीवाले दुकानात येऊन सांगत होते, चेहरा एकदम निरागस करून. आणि जाता जाता त्यांनी बायकोची छत्री दिली, तीन काड्या मोडलेली. मी दुरुस्त केली. मी! एक काडी वाकडी बसली. काका म्हणाले, "चालेल. पाऊस सरळ कुठं पडतो?"

३० मार्च

बॅग उघडली. सगळं बाहेर काढलं आणि खाटेखाली लावलं. रिकामी बॅग काकूंना दिली, मोडक्या मुठी ठेवायला. आता दादानं उचलायचं म्हटलं तर त्याला आधी बॅग शोधावी लागेल.

भिंतीत खिळा ठोकला, टायसाठी.

उद्या काय बोलायचं ते पाठ केलंय. एक — मी महिनाभर टिकले. दोन — ऑर्डर गेली ती मी घालवली, ती आपोआप गेली नाही. तीन — गल्ल्यावर बसायला मामांनी स्वतःची मुलगी बसवावी. काकूंना म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, तिसरं आधी म्हण.

३१ मार्च

दादा आला. तिसरं आधी म्हटलं. दुसरं पण म्हटलं. तो दारात उभा राहून ऐकत होता. कॉलर उघडी. निळा टाय खिशातून लोंबतोय. हातात त्याची मोठी बॅग, गच्च भरलेली.

मी थांबले तेव्हा म्हणाला, "ती माळ्यावरची खोली... दोघांना पुरेल का गं?"

मानेवर बघितलं. लाल वळ.

काकू आत ताट वाढायला गेल्या. काकांनी दुसरं स्टूल सरकवलं. मी म्हटलं, बघू. आधी महिनाभर टिकून दाखव.